कावेरीकाठचे मोडी दफ्तर

तामिळनाडूत बदली होऊन आलेला मराठी माणूस तंजावरास हटकून जातो. बृहदीश्वराचे देवालय, भोसल्यांचा वाडा आणि सरस्वती महाल ही त्याची यात्रास्थाने ठरलेलीच असतात. तेथून पुढे कुंभकोणमपर्यंत जाणारेही पुष्कळ. परंतु कुंभकोणमनजीकच्या मरुदानल्लूर या खेड्याकडे वाट वाकडी करणारे फारच थोडे. गाव लहान आहे. भोवती भाताची खाचरे, कावेरीच्या फाट्यांचे पाणी, तिरुक्करुक्कुडी या प्राचीन नावाने तेवारम् स्तोत्रांत गायिलेले शिवालय आणि सद्गुरुस्वामींचा मठ, एवढीच त्याची संपत्ती. तथापि मराठी माणसाने या गावी एकदा तरी जावे असे वाटते, आणि ते केवळ भक्तीसाठी नव्हे.

अलीकडे विद्यापीठांतील संशोधनाविषयी जे बोलले आणि लिहिले जाते त्यात तीन विषय वारंवार येतात. हवामानात होत असलेला पालट, समाजातील सर्व थरांचा समावेश आणि समाजाचे स्वास्थ्य. ही नावे नवी असल्याने विषयही नवे वाटतात. वस्तुतः कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हे प्रश्न फार जुने आहेत. घरगुती भाषेत सांगावयाचे तर ते पाणी, पंगत आणि प्रकृती यांचे प्रश्न होत. यंदा पाणी येईल किंवा नाही, पंगतीला कोणास बसू द्यावयाचे, आणि आजाऱ्याकडे कोणी पाहावयाचे? या प्रश्नांना तंजावरच्या मराठी राज्याने काही उत्तरे दिली होती. ती उत्तरे परमुलखात चाकरी करणाऱ्या कारकुनांनी आपल्या मोडी लिपीत लिहून ठेवली. त्या कागदांचे पुढे काय झाले, आणि आजच्या विद्यापीठांनी त्यांतून व त्यांच्याबाहेर काय शोधून काढले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम मरुदानल्लूरविषयी. दक्षिणेत नामसंकीर्तनाची जी परंपरा रूढ आहे तिचे तीन आचार्य मानले जातात: बोधेंद्र स्वामी, श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी. पहिल्या दोघांनी नामाचा महिमा सांगितला. सद्गुरुस्वामींनी, म्हणजे पूर्वीच्या वेंकटरामन यांनी, भजनाला क्रम आणि पद्धती दिली. जयदेवाच्या अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, भद्राचल रामदासांची तेलुगू कीर्तने, पुरंदरदासांची कानडी पदे आणि आपल्या संतांचे अभंग ही सर्व एकाच भजनात, एकाच बैठकीत म्हणावयाची, अशी ही पद्धती आहे. नामदेव-तुकोबांची वाणी तमिळ कंठांतून ऐकू येते ती याच वाटेने. सद्गुरुस्वामींनी 1817 मध्ये देह ठेवला. त्यांचे आयुष्य तंजावरच्या मराठी राज्याच्या अखेरच्या पर्वात गेले, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्यांच्याविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. बोधेंद्र स्वामींची समाधी कुंभकोणमजवळ गोविंदपुरम येथे कावेरीच्या काठी होती. परंतु नदीच्या वाळूत ती लुप्त झाली होती. सद्गुरुस्वामी वाळवंटातून कानोसा घेत चालले, आणि ज्या जागी रामनाम ऐकू आले तेथे समाधी असल्याचे त्यांनी सांगितले. मग तंजावरच्या राजाने नदीचा ओघ बाजूला वळवून ती जागा मोकळी करून दिली. कथेतील चमत्काराचा भाग श्रद्धेचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकास त्यात दुसरेही काही दिसते. कावेरी पात्र बदलते, वाळू लोटते, काठची वस्ती गिळते, आणि तिला आवर घालणे हे राजाचे काम आहे, ही लोकांची समजूत या कथेत जपली गेली आहे.

याच भजनपरंपरेकडे विद्यापीठांचे लक्ष गेले ते विसाव्या शतकात. शिकागो विद्यापीठाचे मिल्टन सिंगर यांनी मद्रास शहरातील राधाकृष्ण भजनांचा अभ्यास केला आणि 1966 मध्ये कृष्णभक्तीविषयीचा एक लेखसंग्रह संपादून त्यात तो प्रसिद्ध केला. या भजनांत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, वय आणि जात यांचा भेद तेवढ्या वेळेपुरता मावळतो, हे त्यांनी नोंदले. त्याचबरोबर या मंडळींत जमणारे बहुसंख्य लोक एकाच वरच्या वर्णाचे होते, हेही त्यांनी लपविले नाही. समतेचा भाव खरा, पण ज्यांना त्या समतेची गरज सर्वांत अधिक ते बहुधा बैठकीच्या बाहेरच, असे हे चित्र आहे. आपल्या वारकरी पंथाच्या इतिहासातही ही गोष्ट आढळते, म्हणून ती वाचताना मराठी माणसास परकी वाटत नाही. संशोधनाचा पहिला गुण हाच की भक्तांस जे सांगणे अवघड जाते ते त्याने सौम्यपणे पण स्पष्ट सांगावे.

आता मठाकडून राजवाड्याकडे वळू. सद्गुरुस्वामी हयात असतानाच, 1798 मध्ये, दुसरे सरफोजीराजे तंजावरच्या गादीवर आले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. सत्ता गेलेल्या राजाने काय करावे, हा प्रश्न त्या काळी हिंदुस्थानातील अनेक संस्थानिकांपुढे होता. सरफोजीराजांनी त्याचे उत्तर ग्रंथालय, छापखाना, वैद्यकशाळा, पाठशाळा आणि अन्नछत्रे यांत शोधले.

त्यांपैकी छत्रांची हकिकत विशेष आहे. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. त्यांतील काहींना राजस्त्रियांची नावे होती. नीडामंगलम येथे यमुनांबा छत्र होते, आणि ओरत्तनाडू येथे स्वतः सरफोजीराजांनी 1802 च्या सुमारास उभारलेले मुक्तांबा छत्र होते. कंपनीच्या हाती कारभार गेल्यावर या छत्रांच्या उत्पन्नास धक्का लागेल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा 1801 मध्ये राजांनी इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहून छत्रांत काय चालते याचे सविस्तर वर्णन केले आणि ही धर्मादाय व्यवस्था तशीच चालू ठेवण्याची विनंती केली. हे पत्र उपलब्ध आहे आणि अभ्यासकांनी ते वारंवार वापरले आहे.

त्याचा आशय असा. ब्राह्मणापासून परयापर्यंत कोणत्याही जातीच्या वाटसरूस, तसेच जोगी, जंगम, अतीत, फकीर यांस छत्रात शिजलेला भात मिळे. ज्यांना शिजलेले अन्न घ्यावयाचे नसे त्यांना कोरडा शिधा मिळे. वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, असे पुकारीत. आजारी पडलेल्या प्रवाशास वैद्य औषध देई आणि पथ्याचे अन्न मिळे. गरोदर स्त्री आली आणि तिचे दिवस भरले तर सुईण आणि औषध यांची सोय असे. तान्ह्या मुलांस दूध मिळे. पोरक्या मुलांना पंतोजीच्या हवाली करून त्यांच्या खाण्यापिण्याची आणि शिक्षणाची व्यवस्था केली जाई. कोणी छत्रातच मरण पावला तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी होई.

हे वर्णन राजाने आपल्या बाजूने लिहिलेले आहे, हे विसरून चालणार नाही. कंपनीकडे विनंती करावयाची असल्याने त्यात चांगलेच सांगितले जाणार. अन्न सर्वांस मिळे, म्हणजे सर्व एका पंगतीस बसत असा अर्थ होत नाही, आणि तसा काढूही नये. पंगती वेगळ्या होत्या. जातीची बंधने पाळूनच छत्र चाले. पण उपाशी माणसास दारातून परत पाठवावयाचे नाही, आजाऱ्यास वाटेवर टाकावयाचे नाही, आणि पोरक्या मुलाला नुसते अन्न नव्हे तर अक्षरही द्यावयाचे, ही तत्त्वे राज्याने आपल्या खर्चाने स्वीकारली होती. 1781 मध्ये हैदरअलीच्या स्वारीने तंजावरचा मुलूख उद्ध्वस्त झाला होता. ते दिवस पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. मध्यरात्रीच्या त्या घंटेचा अर्थ त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळत असावा.

राजाचे पत्र एक साक्ष झाली. तिची उलटतपासणी करावयाची तर दुसरी साक्ष पाहिजे, आणि ती मोडी दफ्तरात आहे. राज्याचा रोजचा हिशेब मराठीत, मोडी लिपीत ठेवला जाई. धान्याची खरेदी, नोकरांचे पगार, देवस्थानांची नेमणूक, छत्रांचा जमाखर्च, औषधांवरील खर्च, अर्ज आणि निवाडे, असे सर्व काही त्यात येई. हे लिहिणारे कारकून कोणी मोठे पंडित नव्हते. तमिळ मुलखात राहून, बाजारात तमिळ बोलून, कचेरीत मराठी लिहिणारी ती साधी चाकरमानी माणसे होती. आज आपण जसे परप्रांतात राहून कचेरीचे काम करतो तसेच. आपली नोंद कोणी दोनशे वर्षांनी वाचील असे त्यांच्या मनातही आले नसेल.

1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले आणि राज्य खालसा झाले. सरस्वती महाल 1918 मध्ये सरकारने सार्वजनिक संस्था म्हणून ताब्यात घेतला. तेथील संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांच्या याद्या होऊ लागल्या. मोडी रुमालांकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. या ग्रंथालयात तंजावर राज्याच्या मोडी कागदांचे 1,300 हून अधिक रुमाल आहेत. के. आर. सुब्रमणियन यांनी 1928 मध्ये तंजावरच्या मराठी राजांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. सी. के. श्रीनिवासन यांचा कर्नाटकातील मराठी सत्तेवरील ग्रंथ अण्णामलै विद्यापीठाने 1944 मध्ये प्रसिद्ध केला. या ग्रंथांनी राजांचा अनुक्रम, लढाया आणि तह यांची घडी बसविली. तथापि लोकांचे जीवन त्यांत ओझरतेच आले.

तो भाग पुढे आला तो तंजावर येथे 1981 मध्ये तमिळ विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर. या विद्यापीठाने 1984 मध्ये के. एम. वेंकटरामय्या यांचा मराठा राजांच्या काळातील राज्यव्यवहार आणि समाजजीवन यांवरील मोठा तमिळ ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे मोडी कागदांची तमिळ भाषांतरेही टिपांसह छापली. मराठी माणसास हे वाचून आनंद वाटतो, आणि थोडा संकोचही. आपल्या पूर्वजांच्या अक्षराचा अर्थ तमिळ विद्यापीठाने तमिळ वाचकांना उलगडून दाखविला. आपण मराठी लोकांनी त्या कामास किती हातभार लावला, हा प्रश्न आपणच आपणांस विचारलेला बरा.

प्रकृतीच्या प्रश्नालाही या संग्रहातून अनपेक्षित साहाय्य झाले आहे. सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय अशी दोन्ही प्रकारची वैद्यके एकत्र नांदत होती. तेथील अनुभवसिद्ध औषधयोगांचे तमिळ ग्रंथ सरस्वती महालाने छापले आहेत. डोळ्यांच्या रुग्णांच्या टिपणांचा एक संग्रहही तेथे आहे. त्यात रोग्याची हकिकत, उपचार आणि रोगी डोळ्यांची चित्रे आहेत. आजच्या नेत्रवैद्यांनी या टिपणांचा अभ्यास करून त्यांवर निबंध लिहिले आहेत. रोग्याचे नाव, त्याचे दुखणे, त्यास काय दिले आणि काय गुण आला, हे क्रमाने लिहून ठेवणे हीच संशोधनाची पहिली पायरी. त्या टिपणांतील रोगी सामान्य माणसे होती, ही गोष्टही लहान नव्हे.

आता पाण्याकडे येऊ. आपल्याकडे मृग लागला की पावसाळा सुरू होतो. कावेरीच्या मुखाशी तसे नाही. येथे दोन पावसांवर संसार चालतो. आषाढ-श्रावणात कोडगूच्या डोंगरांत पाऊस पडतो आणि त्याचे पाणी कावेरीतून वाहत येते. खुद्द तंजावर-कुंभकोणम भागात भरपूर पाऊस पडतो तो आश्विन-कार्तिकात, ईशान्येच्या वाऱ्यांबरोबर. पहिल्या पाण्यावर कुरुवै हे थोड्या मुदतीचे भात घ्यावयाचे आणि दुसऱ्यावर सांबा हे लांब मुदतीचे. नदीचे पाणी उशिरा आले की कुरुवै बुडते. कापणीच्या वेळी पाऊस आला की उभे पीक पाण्यात जाते. 1934 मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाल्यावर 12 जून रोजी पाणी सोडण्याचा प्रघात पडला. त्या तारखेकडे सारा मुलूख डोळे लावून बसू लागला, आणि धरणात पाणी नसेल त्या वर्षी ती तारीख चुकू लागली.

मरुदानल्लूरपासून फार दूर नाही अशा आडुतुरै येथे 1922 मध्ये भात संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते तामिळनाडू कृषी विद्यापीठाचा भाग आहे. या केंद्राने निपजविलेल्या वाणांना आडुतुरैच्या नावाचे आद्याक्षर आणि क्रमांक असतो. त्यांपैकी ए. डी. टी. 27 हे वाण 1960 नंतरच्या दशकात विशेष गाजले. जपानी आणि हिंदी भातांचा संकर करण्याची जी योजना स्वातंत्र्यानंतर हाती घेण्यात आली होती, तिचे ते फळ होते. त्या योजनेत कटक येथे काही काळ काम केलेले तरुण शास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन हे मूळचे कुंभकोणमचे. 1925 मध्ये त्यांचा जन्म तेथेच झाला. त्यांचे वडील डॉ. सांबशिवन यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून, डास वाढतील अशा जागा साफ करून, हत्तीरोगाविरुद्ध मोहीम केली होती. लोकांना बरोबर घेतल्यास अशक्य वाटणारे काम होते, हा धडा आपण वडिलांकडून शिकलो, असे स्वामीनाथन सांगत असत.

1960 मध्ये केंद्र सरकारने निवडक सात जिल्ह्यांत शेतीच्या सघन विकासाची योजना सुरू केली. त्यांत तंजावर होते. नवे बी, खत, कर्ज आणि सल्ला हे सर्व एकदम देऊन उत्पन्न वाढवावयाचे, असा तिचा हेतू होता. ए. डी. टी. 27 आले आणि कुरुवैचे क्षेत्र व उत्पन्न दोन्ही वाढले. हे यश खरे होते. दुष्काळाच्या छायेत असलेल्या देशाला त्याची नितांत गरज होती.

तथापि याच काळात दुसरे काही संशोधक याच मुलखात वेगळ्या प्रश्नाचा माग काढीत होते. केंब्रिज येथे शिकलेल्या कॅथलीन गॉफ या 1951 च्या सुमारास तंजावर जिल्ह्यात येऊन राहिल्या आणि पुढे 1976 मध्ये त्याच खेड्यांत पुन्हा आल्या. दिल्ली विद्यापीठाचे आंद्रे बेतेय यांनी येथील एका खेड्यात राहून लिहिलेला ग्रंथ 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. गावाचे खरे नाव न देता त्यांनी त्यास श्रीपुरम म्हटले. अग्रहार, इतर जातींच्या आळ्या आणि दलितांची वस्ती अशा तीन भागांत विभागलेले ते गाव. जमीन कोणाकडे, मान कोणाला आणि सत्ता कोणाच्या हाती, हे तीन प्रश्न त्यांनी वेगवेगळे करून पाहिले. पूर्वी तिन्हींचे उत्तर एकच असे. आता मताच्या पेटीने सत्ता अग्रहाराबाहेर जाऊ लागली आहे. परंतु शेतमजुराची स्थिती त्या मानाने पालटलेली नाही, असे त्यांस दिसले. गॉफ यांनीही पंचवीस वर्षांच्या अंतराने तीच खेडी पाहिली, तेव्हा उत्पन्न वाढले तरी मजुराचा वाटा त्या प्रमाणात वाढलेला त्यांना आढळला नाही.

या निष्कर्षांची भीषण साक्ष 25 डिसेंबर 1968 च्या रात्री मिळाली. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात आणि आजच्या नागपट्टिनम जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणी या खेड्यात मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत आश्रय घेतलेली 44 माणसे जाळून मारण्यात आली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. नव्या बियाण्याने खळ्यात रास वाढविली. तिचा वाटा मागणाऱ्यांचे काय होईल, याचा विचार योजनेच्या कागदांत पुरेसा झाला नव्हता. एका केंद्रात भाताचे संशोधन चालले होते आणि दुसऱ्या विद्यापीठात समाजाचे. दोहोंच्या मध्ये जे शेत होते तेथे ही माणसे राबत होती. आज विद्यापीठांत हवामान, समावेश आणि स्वास्थ्य हे विषय एकत्र जोडून अभ्यासावेत असा जो आग्रह धरला जातो, त्याचे कारण शोधावयास दूर जाण्याची आवश्यकता नाही. पाणी आणि पंगत ही वेगवेगळ्या खात्यांत ठेवली की काय होते, हे कावेरीकाठाने पाहिले आहे.

गेल्या काही वर्षांत पाण्याचा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. 2008 च्या नोव्हेंबरात निशा चक्रीवादळाच्या वेळी ओरत्तनाडू येथे चोवीस तासांत 60 सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडला. मुक्तांबा छत्र ज्या गावी उभे आहे तेच हे ओरत्तनाडू. पुढे नोव्हेंबर 2018 मध्ये गज वादळाने याच पट्ट्यातील नारळाच्या बागा आडव्या केल्या. समुद्राजवळच्या भागात खाऱ्या पाण्याचा शिरकाव ही कायमची चिंता झाली आहे. 2020 मध्ये तामिळनाडू शासनाने या त्रिभुज प्रदेशास संरक्षित कृषिक्षेत्र ठरविणारा कायदा केला. वादळात प्रथम कोणाचे घर पडते, मजुरी बुडाल्यावर कोण गाव सोडते, हे प्रश्न आता हवामानाच्या अभ्यासातच मोडतात, कारण त्यांच्याशिवाय पावसाच्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

येथे जुन्या कागदांचा एक नवा उपयोग ध्यानी येतो. पर्जन्यमापक यंत्रे येण्यापूर्वी पाऊस कसा होता, हे कळावयाचे कसे? 1999 मध्ये वॉल्श, ग्लाझर आणि मिलिट्झर या तिघा संशोधकांनी जुन्या युरोपीय नोंदींच्या आधारे अठराव्या शतकातील मद्रासच्या हवामानाचे चित्र उभे केले. श्वार्ट्झ ज्या मिशनचे होते त्या मिशनच्या लोकांनी हाले या जर्मन गावी पाठविलेल्या रोजनिश्या अशा अभ्यासास फार मोलाच्या ठरल्या आहेत. आपल्या बाजूस अ‍ॅडमसन आणि नॅश यांनी जुनी वृत्तपत्रे, पत्रे आणि रोजनिश्या तपासून 1781 ते 1860 या काळातील पश्चिम हिंदुस्थानच्या मोसमी पावसाचा कल ठरविला. पाऊस लांबला म्हणून कोणी देवास कौल लावला, पूर आला म्हणून टपाल अडले, धान्य महागले, अशा बारीकसारीक उल्लेखांवर हे काम उभे राहिले आहे. मग तंजावरच्या रुमालांत धान्याचे भाव, बंधाऱ्यांचा खर्च आणि छत्रांतील वाटप यांच्या ज्या नोंदी आहेत त्यांचे मोल काय असेल, हे निराळे सांगावयास नको. राजाच्या पत्रातील घंटा खरोखर किती रात्री वाजली, आणि ती ऐकून किती माणसे आली, याचा हिशेब लागला तर तो याच कागदांतून लागेल.

असे असूनही हे काम सावकाश चालते, त्याचे कारण साधे आहे. मोडी वाचणारे थोडे. मोडी आणि तमिळ दोन्ही जाणणारे त्याहून थोडे. तंजावरच्या कागदांतील मराठी तमिळ शब्दांनी भरलेली आहे. पुण्याहून आलेल्या मोडी वाचकास तेथील मापे, पिके आणि पदव्या अडतात, आणि तमिळ अभ्यासकास लिपी अडते. दोन्ही भाषांत वावरणारा माणूस हवा, आणि असा माणूस म्हणजे पूर्वी तंजावरी मराठी. आज तो परप्रांतात वर्षानुवर्षे चाकरी करणारा आपल्यासारखा मराठी माणूसही होऊ शकेल.

या बाबतीत कुंभकोणमने आपणांस काही आदर्शही दिले आहेत. सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 मध्ये तेथील मराठी घराण्यात झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले. त्यांचेच आप्त दिवाण बहादूर रघुनाथराव हेही इंदूरचे दिवाण होते. शास्त्रांचा आधार शोधून त्यांनी विधवाविवाहाचा पक्ष घेतला, आणि 1887 मध्ये मद्रास येथे न्यायमूर्ती रानडे यांच्यासह सामाजिक परिषदेचा पाया घातला. ज्या गावी राहावे तेथील भाषा आपली करावी, कचेरीचे काम चोख करावे, आणि कचेरीबाहेरच्या अन्यायाकडे पाठ फिरवू नये, अशी ही परंपरा आहे. कुंभकोणमच्या कावेरीकाठी 1854 मध्ये निघालेली शाळा पुढे महाविद्यालय झाली आणि दक्षिणेचे केंब्रिज म्हणून नावाजली, तीही अशा माणसांच्या काळात.

मरुदानल्लूरला जावे असे आरंभी म्हटले त्याचे कारण आता ध्यानी येईल. मठाच्या भजनात आपला अभंग आहे, वाटेवरच्या खाचरांत आडुतुरैच्या केंद्राने घडविलेले भात आहे, आणि तेथून काही कोसांवर तंजावरात आपल्या कारकुनांनी लिहिलेले रुमाल बांधून ठेवलेले आहेत. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट शोधता येते: मिळाले ते सर्वांपर्यंत पोहोचले काय, आणि नसेल तर कोण राहिले? छत्राच्या कारकुनाने त्या रात्री किती शिधा दिला तेवढेच लिहिले. त्याने ते खरे लिहिले असेल, म्हणून आज त्यावर विद्या उभी राहू शकते. आपल्याही टेबलावर दुष्काळाचे तक्ते, पुराचे पंचनामे, शिधापत्रिकांच्या याद्या आणि मजुरीच्या तक्रारी रोज येतात. त्यांत ज्याचे नाव सुटते तो उद्याच्या संशोधकासही सापडत नाही. तेव्हा नोंद करताना थोडे थांबावे, आणि कोणी राहिले काय, असे एकदा विचारावे. तंजावरच्या छत्रात हे काम मध्यरात्रीची घंटा करीत असे.